झाकलेल्या स्कूटरचा इतिहास आणि मोजपट्टीचा प्रश्न

संशोधनाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: "काहीतरी मोठं आणि महत्त्वाचं घ्या." आज मी मुद्दाम अगदी छोटा विषय घेतोय. स्कूटरला घरच्या घरी बनवलेली, चारी बाजूंनी बंद आणि वाऱ्याला कापत जाणारी बॉडी बसवणं. म्हणजे बाहेरून एखाद्या माशासारखी किंवा विमानाच्या पुढच्या भागासारखी दिसणारी स्कूटर, जिच्या आत माणूस बसतो.

हे खरंच कुणी करतं का? करतात. अमेरिकेत आणि युरोपात गेली कित्येक दशकं हौशी माणसं आपल्या गॅरेजमध्ये हेच करत आली आहेत. त्यातल्या चांगल्या गाड्या मूळ गाडीपेक्षा कितीतरी कमी पेट्रोल पितात. मग अशी स्कूटर शोरूममध्ये का दिसत नाही? फायदा इतका उघड असताना ती कायम कुणाच्या तरी गॅरेजमध्येच का राहिली?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरं लगेच सुचतात. "ती नीट चालत नसणार" हे एक, आणि "कंपन्यांनी दाबून टाकली" हे दुसरं. तंत्रज्ञानाच्या इतिहासात काम करायचं असेल तर या दोन्ही उत्तरांपासून सावध राहायला शिकावं लागतं. कसं, ते या लेखात बघू.

आधी थोडं गणित

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी इथे पळ काढू नये, गणित अगदी साधं आहे. गाडी सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जात असेल तर तिला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात. एक म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातला रोध. वेग वाढला तरी तो फारसा वाढत नाही. दुसरा हवेचा रोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट.

उदाहरणादाखल स्वारासकट 200 किलो वजनाची स्कूटर धरू. टायरचा रोध साधारण 39 न्यूटन येईल. सरळ बसलेला माणूस आणि उघडी स्कूटर यांना हवेचा जो रोध होतो, तो ताशी 80 किलोमीटरला 178 न्यूटनच्या आसपास जातो. एकूण झाले 217. आता बॉडी झाकून हवेचा रोध निम्म्याहून खाली, समजा 74 न्यूटनवर आणला, तर एकूण राहतात 113. इंजिनाला करावं लागणारं काम जवळपास अर्ध्यावर आलं!

तीच स्कूटर शहरातल्या ताशी 22 किलोमीटरच्या सरासरी वेगाने चालवा. टायरचा रोध तोच, 39. हवेचा रोध मात्र फक्त 13 न्यूटन. बॉडी झाकली तर तो 6 च्या खाली येईल. म्हणजे 52 मधले सात-आठ वाचले. त्यातही शहरात बरंच पेट्रोल जातं ते सिग्नलला थांबण्यात आणि परत पिकअप घेण्यात. बॉडीचं वीस-पंचवीस किलो वजन वाढलं की तो खर्च उलट वाढतो.

म्हणजे "स्कूटर झाकणं फायद्याचं आहे का?" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर आणि कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं. फायदा मोजायची पट्टी कुणीतरी ठरवलेली असते. ती कुणी ठरवली आणि का, हा माझ्या मते या विषयातला खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

पहिली मोजपट्टी: विक्रम

स्कूटर आणि विमान यांचं नातं जुनं आहे. वेस्पाचा आराखडा करणारे कोर्रादिनो दास्कानियो मुळात विमानांचे अभियंते होते. 1930 मध्ये त्यांच्या हेलिकॉप्टरने रोमजवळ उंची, अंतर आणि हवेत राहण्याचा वेळ यांचे विक्रम केले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पियाज्जो कंपनीला विमानांऐवजी दुसरं काहीतरी बनवणं भाग पडलं आणि 1946 मध्ये वेस्पाचं पेटंट दाखल झालं. वेगळी चौकट नसलेली, पत्र्याच्या बॉडीवरच सगळा भार पेलणारी रचना आणि एकाच बाजूने धरलेलं पुढचं चाक, या कल्पना थेट विमानातून आलेल्या.

गंमत बघा. विमानाच्या माणसाने केलेली ही गाडी हवेच्या दृष्टीने मात्र अजिबात चांगली नव्हती. समोर पायांना आडवं येणारं पत्र्याचं कवच आणि त्याच्या मागे खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसलेला माणूस. दास्कानियोंना हवेचा रोध कळत नव्हता असं कोण म्हणेल? पण त्या कवचाचं काम वेगळं होतं. चिखल आणि घाण कपड्यांवर उडू नये, स्कर्ट घातलेल्या बाईलाही सहज बसता यावं, ही त्यांच्यापुढची मोजपट्टी होती आणि तिच्यावर वेस्पा पूर्ण उतरली.

मोजपट्टी बदलल्यावर त्याच माणसाने काय केलं ते आता पाहा. पियाज्जोची वेस्पा आणि मिलानच्या इन्नोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा यांच्यात वेगाच्या विक्रमांची चुरस लागली. दास्कानियोंनी 125 सीसीची एक खास वेस्पा केली. तिचं नाव 'सिलुरो', म्हणजे पाणतीर, टॉर्पेडो. पूर्ण बंद आणि लांबट बॉडी, आत वाकून बसलेला स्वार. 9 फेब्रुवारी 1951 रोजी रोम ते ओस्तिया रस्त्यावर दिनो मात्सोंचिनी यांनी तिच्यावर एक किलोमीटरचं अंतर ताशी 171 किलोमीटर वेगाने कापलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्युनिक ते इंगोलश्टाट महामार्गावर रोमोलो फेर्री यांनी झाकलेली 125 सीसीची लॅम्ब्रेटा ताशी 200 किलोमीटरच्या पलीकडे नेली.

म्हणजे बंद, वाऱ्याला कापणारी स्कूटर 1951 मध्येच तयार होती आणि ती "चालत" होती. फक्त तिला वळायचं नव्हतं, सिग्नलला थांबायचं नव्हतं आणि भाजी आणायची नव्हती. एका सरळ रस्त्यावर एक किलोमीटर जायचं, एवढंच तिचं काम.

याचं टोक जर्मनीत गाठलं गेलं. गुस्ताव आडोल्फ बाउम हे व्यवसायाने ग्राफिक कलाकार. त्यांच्या डोक्यात एक सरळ विचार आला: इंजिनाची ताकद वाढवण्यापेक्षा गाडीचं तोंड लहान करावं. माणसाला जवळजवळ आडवं झोपवलं, पाय पुढे केले आणि भोवती सिगारसारखी बॉडी घातली. एनएसयू कंपनीने त्यांना पाठबळ दिलं. लोकांनी त्या गाडीला 'उडती आरामखुर्ची' असं नाव ठेवलं. 1955 मध्ये न्यूरबुर्गरिंगवर चाचणी घेताना अपघातात खुद्द बाउम गेले. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर एच. पी. म्युलर यांनी बाउम यांच्या आराखड्याची 125 सीसीची गाडी ताशी सुमारे 240 किलोमीटर वेगाने पळवली. आजही 125 सीसीची रोजच्या वापरातली गाडी या आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच थांबते.

दुसरी मोजपट्टी: शर्यतीचे नियम

विक्रमासाठी सरळ रस्ता असतो, शर्यतीत वळणं असतात. 1950 च्या दशकात शर्यतीच्या मोटरसायकलींना पुढून मोठं कवच बसवायची पद्धत आली. ते पुढच्या चाकालाही पोटात घ्यायचं. आकारावरून इंग्रजीत त्याला चक्क 'कचऱ्याचा डबा' म्हणत. इटलीतल्या मोटो गुत्सी कंपनीने तर 1950 मध्ये मांदेल्लो देल लारिओच्या आपल्या कारखान्यात वाऱ्याचा बोगदा बांधला होता. माणसासकट पूर्ण आकाराची मोटरसायकल त्यात तपासता यायची.

1957 चा हंगाम संपल्यावर मात्र मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एफआयएमने, अशा कवचांवर बंदी घातली. पुढचं चाक दिसलं पाहिजे, बाजूने पाहिलं तर स्वार दिसला पाहिजे, असे नियम आले. कारण सुरक्षिततेचं होतं आणि ते खोटं नव्हतं. बाजूने वारा आला की मोठं कवच शिडासारखं काम करतं. दोन चाकांची गाडी तोलावर चालते, तिला असा धक्का सहजी पचत नाही. त्यातून वाऱ्याचा जोर गुरुत्वमध्याच्या पुढे पडत असेल तर गाडीचं नाक वाऱ्याबरोबर फिरायला लागतं.

सायकलच्या इतिहासात याची एक जुळी गोष्ट आहे. 1933 मध्ये फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या, मागे रेलून चालवायच्या सायकलवर एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापलं आणि 1914 पासून टिकलेला विक्रम मोडला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने पुढच्या वर्षी सायकलची व्याख्याच अशी केली की मोशे यांची गाडी त्यात बसेना. इथे तर झाकण्याचाही प्रश्न नव्हता, नुसतं बसण्याच्या पद्धतीवरून गाडी बाहेर गेली.

या दोन्ही निर्णयांचा परिणाम शर्यतीपुरता राहिला नाही. शर्यतीत जे चालत नाही त्यावर कंपन्या पैसा घालत नाहीत, मासिकांत त्याचे फोटो येत नाहीत आणि तरुणांना ते हवंसं वाटत नाही. "खरी" मोटरसायकल कशी दिसते, हे अशा नियमांतूनही ठरत जातं.

संशोधकासाठी इथे एक सापळा आहे. "नियमांनी चांगलं तंत्रज्ञान मारलं" असं वाक्य लिहायचा मोह होतो, कारण त्यात नाट्य आहे. पण एफआयएमची भीती खरी होती आणि कवचांचा फायदाही खराच होता. ट्रेव्हर पिंच आणि विबे बायकर यांनी 1984 मध्ये सायकलच्या इतिहासावरून हाच मुद्दा मांडला होता. उंच चाकाची जुनी सायकल धाडसी तरुणांना मर्दानी वाटायची, तीच स्त्रियांना आणि वयस्कर लोकांना धोक्याची वाटायची. वस्तू एकच, पण वेगवेगळ्या समाजगटांसाठी तिचा अर्थ वेगळा. त्यामुळे "ती चालत होती की नाही" याचं उत्तर देण्याआधी कुणासाठी, हे विचारावं लागतं.

तिसरी मोजपट्टी: एक लिटर पेट्रोल

1970 च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि अमेरिकेत वेगमर्यादा ताशी 55 मैलांवर आली. आता वेगाऐवजी पेट्रोल मोजायचे दिवस आले. क्रेग व्हेटर हे अमेरिकन डिझायनर तोपर्यंत मोटरसायकलला पुढून बसवायच्या 'विंडजॅमर' या कवचामुळे प्रसिद्ध झालेले होते. त्यांनी 1980 ते 1985 या काळात कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटरसायकलींच्या स्पर्धा भरवल्या. या स्पर्धा खऱ्या रस्त्यावर आणि वाहतुकीच्या वेगाने व्हायच्या. भाग घेणारे बहुतेक जण गॅरेजमध्ये काम करणारे हौशी लोक. 1985 च्या विजेत्या गाडीने अमेरिकन गॅलनला 470 मैल दिले. आपल्या भाषेत सांगायचं तर लिटरला सुमारे 200 किलोमीटर!

पण या आकड्यामागची गाडी कशी होती? छोटं इंजिन, अरुंद आणि बुटकी बॉडी, आत अंग चोरून बसलेला स्वार. सामान ठेवायला जागा नाही. स्पर्धा फक्त पेट्रोल मोजत होती, म्हणून लोकांनी फक्त पेट्रोल वाचवलं. बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं आणि नियमांप्रमाणे ते बरोबरच होतं.

व्हेटर यांनी बऱ्याच वर्षांनी ही स्पर्धा पुन्हा सुरू केली तेव्हा मोजपट्टी बदलली. आता गाडीवर आरामात, सरळ बसता आलं पाहिजे, महामार्गाच्या वेगाने समोरच्या वाऱ्यातही जाता आलं पाहिजे आणि किराणा मालाच्या चार पिशव्या मावल्या पाहिजेत, अशा अटी आल्या. या चार पिशव्या मला फार महत्त्वाच्या वाटतात, कारण त्यांनी गाडीचा आकारच बदलून टाकला. झोपून चालवायची सिगार बाद झाली आणि त्या जागी आली स्कूटर. व्हेटर यांनी स्वतः होंडाची 250 सीसीची 'हेलिक्स' निवडली. ही लांब, बुटकी स्कूटर, पाय पुढे ठेवून खुर्चीसारखं बसायची. तिला पुढे गोलाकार नाक आणि मागे लांब निमुळती शेपटी बसवली. शेपटीची पोकळी तशीही रिकामीच असते, तिथे पिशव्या गेल्या.

हे बांधकाम घरी कसं होतं, तेही थोडक्यात बघू. आधी स्कूटरचे मूळ प्लास्टिकचे भाग काढतात. मग ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा मूळ चौकटीला पक्का करतात. त्यावर पन्हळी प्लास्टिकचे पत्रे लावतात, किंवा फोम कोरून त्यावर फायबर चढवतात. लोकांना वाटतं पुढचं टोक जितकं अणकुचीदार तितकं चांगलं. प्रत्यक्षात स्कूटरच्या वेगाला नाक गोल असलं तरी चालतं, खरं काम शेपटी करते. हवा बॉडीला चिकटून मागेपर्यंत जायला हवी, म्हणून शेपटी हळूहळू निमुळती करावी लागते. घाईने आत वळवली की हवा मध्येच सुटते, मागे भोवरे होतात आणि ते गाडीला मागे खेचतात.

दोन चाकांमुळे आणखी प्रश्न येतात. थांबल्यावर पाय खाली टेकवायला जागा हवी, म्हणून बॉडीला खालून फटी किंवा झडपा ठेवतात. हँडल पूर्ण वळलं पाहिजे. इंजिनाला थंड हवा मिळाली पाहिजे. पावसात समोरच्या काचेवर वाफ धरते. आणि बाजूचा वारा तर आहेच. जे बॉडी झाकतात त्यांचा निम्मा वेळ या न दिसणाऱ्या गोष्टींत जातो.

एक गोष्ट मात्र संशोधनाच्या विद्यार्थ्यांनी या गॅरेजवाल्यांकडून जरूर शिकावी. चांगला हौशी माणूस बॉडी बसवली आणि मायलेज वाढलं, एवढ्यावर थांबत नाही. तो आधी बॉडीशिवाय, मग बॉडीसकट आणि मग पुन्हा बॉडी काढून मोजतो. त्याच रस्त्यावर आणि दोन्ही दिशांनी, म्हणजे वाऱ्याचा आणि चढाचा परिणाम एकमेकांना खाऊन टाकतो. वेगाचे विक्रम नोंदवताना दोन्ही दिशांच्या धावेची सरासरी धरतात ती याचसाठी. बॉडीवर लोकरीचे छोटे धागे चिकटवायचे आणि चालत्या गाडीचा व्हिडिओ घ्यायचा. धागे सरळ मागे झोपले तर हवा चिकटून आहे, फडफडले तर सुटली. खर्च शून्य, पण प्रयोग म्हणून एकदम चोख.

कंपन्यांनी प्रयत्नच केला नाही का?

केला. बीएमडब्ल्यूने 2000 मध्ये 'सी1' नावाची छप्पर असलेली स्कूटर आणली. आत सीट बेल्ट, भोवती धक्का झेलणारी चौकट. हेल्मेट न घालता सुरक्षित प्रवास हा तिचा मुख्य मुद्दा होता. युरोपातल्या काही देशांनी तिला हेल्मेटच्या सक्तीतून सूट दिली, ब्रिटनने दिली नाही. तिथे ही गाडी म्हणजे हेल्मेटही घालायचं आणि छपराचं वजनही वागवायचं, अशी झाली. 2002 मध्ये उत्पादन थांबलं. इथली मोजपट्टी पेट्रोलची नव्हती, सुरक्षिततेची होती, आणि एका देशाच्या नियमावर तिची किंमत कमी-जास्त होत होती.

दुसरा मार्ग म्हणजे तिसरं चाक. जर्मनीत विमान अभियंते फ्रित्स फेंड यांनी युद्धात अपंग झालेल्यांसाठी छोटी बंद गाडी करायला घेतली आणि त्यातूनच 1953 ची मेसरश्मिट 'काबिनेनरोलर' आली. या शब्दाचा अर्थच 'केबिनवाली स्कूटर'. तीन चाकं असल्याने थांबताना पाय टेकवायची गरज नाही आणि बाजूच्या वाऱ्याने पडायची भीतीही कमी.

आणि आपल्याकडे? पियाज्जोने 1948 मध्ये वेस्पाच्याच धर्तीवर 'आपे' ही तीनचाकी आणली होती. 1960 च्या दशकात बजाजने पियाज्जोच्या परवान्याखाली वेस्पा बनवली, मुंबईत एपीआय कंपनी लॅम्ब्रेटा बनवत होती आणि त्याच काळात स्कूटरच्या यंत्रावर उभी असलेली बजाजची रिक्षा महाराष्ट्राच्या शहरांत पसरत गेली. रिक्षाचं हँडल आठवा, ते स्कूटरचंच. म्हणजे झाकलेली स्कूटर हरली असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. तीन चाकांवर, कापडी हुड घालून, मीटर लावून ती आपल्या दारापुढून रोज जाते. फक्त तिची मोजपट्टी वाऱ्याची नव्हती, दिवसाच्या धंद्याची होती.

आपल्याकडची मोजपट्टी

मायलेज या शब्दाभोवती आपली अख्खी बाजारपेठ फिरते. मग मायलेजवेड्या देशात वाऱ्याला कापणारी स्कूटर का आली नाही?

एक उत्तर चाचणीच्या पद्धतीत सापडतं. भारतात दुचाकींचा धूर आणि इंधन मोजण्यासाठी अनेक वर्षं 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' वापरली गेली. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. एक फेरी 108 सेकंदांची. त्यात सर्वाधिक वेग ताशी 42 किलोमीटर आणि सरासरी जेमतेम 22 किलोमीटर. हा क्रम शहरातल्या गर्दीवरून बेतलेला होता आणि त्या काळासाठी तो वाजवीही होता.

आता वरचं गणित आठवा. ताशी 22 किलोमीटरला बॉडी झाकून वाचतात सात-आठ न्यूटन. म्हणजे ज्या परीक्षेत गुण मिळवायचे, तिच्यात हवेच्या रोधाला जवळपास गुणच नव्हते. अशा वेळी अभियंता काय करेल? इंजिन सुधारेल, वजन घटवेल, गिअरिंग बदलेल. यात कुणाचा कट नाही आणि अडाणीपणाही नाही. पुढे जागतिक स्वरूपाची नवी चाचणी आली. पण तोपर्यंत स्कूटर कशी दिसायची हे ठरून गेलं होतं.

मग घरी करून बघावं का? इथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळला पाहिजे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ आणखी कडक लावला. म्हणजे अमेरिकेत हौशी माणसाला जी मोकळीक होती ती इथे नाही. अमुक देशात लोक प्रयोग करतात आणि आपल्याकडे करत नाहीत, असं सांस्कृतिक स्पष्टीकरण देण्याआधी आरटीओचे नियम वाचावेत, एवढं तरी यातून घ्यावं.

तुमच्या विषयासाठी

आता हे सगळं तुमच्या प्रबंधाला कसं लागू करायचं?

पहिली गोष्ट, साधनांकडे बघताना ती कोणत्या मोजपट्टीने जपली गेली ते पाहा. वेस्पाची 'सिलुरो' पोंतेदेराच्या संग्रहालयात आहे, कारण तिने विक्रम केला आणि तिच्यामागे कंपनी होती. एखाद्याने गॅरेजमध्ये बनवून दहा वर्षं कामावर नेलेली झाकलेली स्कूटर तो माणूस गेल्यावर भंगारात जाते. फक्त संग्रहालयातून इतिहास लिहिला तर त्यात विक्रमच दिसतील, वापर दिसणार नाही. म्हणून स्पर्धांच्या नियमपुस्तिका, निकालांचे तक्ते, हौशी मासिकं, जुने फोटो आणि शक्य असेल तिथे माणसांच्या मुलाखती, हे सगळं जोडून वाचावं लागतं.

दुसरी गोष्ट, नियमपुस्तिका कंटाळवाण्या म्हणून सोडू नका. या लेखातला जवळजवळ प्रत्येक आकार एखाद्या नियमातून निघाला आहे: एक किलोमीटरची सरळ धाव, दिसणारं पुढचं चाक, चार पिशव्या, ताशी 42 किलोमीटर. तुमचा विषय शेती असेल तर बियाण्याच्या चाचणीचे निकष बघा. शिक्षण असेल तर परीक्षेचा आराखडा आणि आरोग्य असेल तर सरकारी नोंदवहीतले रकाने. रकाना नसलेली गोष्ट कुणी सुधारत बसत नाही.

तिसरी गोष्ट, "अयशस्वी" हा शब्द जपून वापरा. तो वापरायचाच असेल तर त्याच्यापुढे कोणत्या निकषावर आणि कुणासाठी, हे लिहा. तुमचा गाईड किंवा मौखिक परीक्षेतले परीक्षक हाच प्रश्न विचारणार आहेत.

एवढ्यात दुसरा एक प्रश्न उभा राहतोच आहे. वीजेवरच्या स्कूटरमध्ये बॅटरी महाग आणि जड असते, आणि ब्रेक लावताना थोडी ऊर्जा परत मिळवता येते. त्यामुळे थांबण्या-निघण्याचा खर्च काहीसा कमी होतो आणि मोकळ्या रस्त्यावर हवेच्या रोधाचा वाटा वाढतो. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, ही नवी मोजपट्टी आली आहे. ती कोणत्या वेगाला आणि कोणत्या रस्त्यावर मोजायची, याचे नियम आत्ता आपल्या डोळ्यांदेखत बनतायत. कुणाला विषय हवा असेल तर त्या नियमांची जुनी आणि नवी प्रारूपं आतापासूनच जमवायला लागा. वीस वर्षांनी ती शोधणं फार अवघड जाईल.